घरचा मुरूम

आमच्या घरात मुरूम या शब्दाला दोन अर्थ होते आणि दोन्हींचा मला सारखाच जाच होता. पहिला मुरूम बाबांचा. बाबा रस्त्याच्या कंत्राटदाराकडे सुपरवायझर होते. निफाड, सायखेडा, लासलगाव या बाजूला शेतात जाणारे रस्ते आणि नव्या बंगल्यांची आवारं यांवर जो लालसर मुरूम पसरतात, तो खाणीतून उचलून ट्रॉल्यांनी पोचवायचं काम त्यांच्याकडे होतं. कंत्राटदाराच्या ऑफिसातला फोन निम्मा वेळ मेलेला असायचा, म्हणून लोक सरळ नाशिकला आमच्या इंदिरानगरच्या घरी फोन करत. दुसरा मुरूम माझा. तो कपाळापासून हनुवटीपर्यंत पसरलेला होता आणि त्यासाठी ट्रॉली लागली नव्हती. मी अकरावीत होते. बाबा हॉलमध्ये फोनवर ओरडायचे, "मुरूम एकदम लालभडक आहे, बघून घ्या," आणि मी आतल्या खोलीत उशीत तोंड खुपसायचे. बाबांच्या मनात काही नसे. या वाक्यावर आत कुणी रडत असेल हे त्यांच्या डोक्यातही येत नसे, आणि मी ते त्यांना सांगायला जाणार नव्हते.

त्या काळातलं आमचं घर आठवलं की आधी वास येतो. आई घरी चॉकलेटं करायची. कॉलनीच्या महिला मंडळाने कुठल्याशा बाईंना बोलावून शिकवणी ठेवली होती, तिथे बाकीच्या बायका केक, आईस्क्रीम, चॉकलेट असं सगळं शिकून विसरून गेल्या आणि आई मात्र चॉकलेटला चिकटली. मेन रोडवरच्या बेकरी सामानाच्या दुकानातून ती चॉकलेटच्या लाद्या आणायची. खालच्या पातेल्यात पाणी, वर दुसरं पातेलं, त्यात लादीचे तुकडे. ते वितळताना कुणी मोठ्याने बोललेलं तिला चालायचं नाही, जसं काही आवाजाने चॉकलेट नासणार होतं. पाण्याचा थेंब पडला तर मात्र खरंच नासायचं, म्हणून ती हात पुसपुसून लाल करायची. मग साचे. पान, शिंपला, बदाम, छोटा हत्ती. भरलेला साचा ती ओट्यावर टकटक आपटायची, म्हणजे आतली हवा निघून जाते, आणि तो फ्रिजमध्ये जायचा. शाळा-कॉलेजातून आल्यावर जिन्यात ती टकटक ऐकू आली की मी दोन-दोन पायऱ्या चढायचे. आयुष्यभर पोळ्या-भाजी करत आलेल्या या बाईला त्या साच्यांपुढे बसलेलं बघणं ही वेगळीच गोष्ट होती. तिचा चेहरा उजळायचा आणि ती गुणगुणायची. स्वयंपाक करताना मी तिला कधी गुणगुणताना ऐकलं नाही.

एक अडचण होती. आईची जीभ तिखटाची. ठेचा किती जहाल झालाय ते ती वासावरून सांगायची, पण गोडातलं डावं-उजवं तिला कळत नसे. तिला सगळं गोड नुसतंच गोड लागे. म्हणून चाखायचं काम माझ्याकडे होतं. पातेल्यातलं चॉकलेट चमच्याच्या टोकावर घेऊन ती ओट्यापाशी उभी राहायची आणि म्हणायची, "तोंड उघड." मी डोळे मिटून सांगायचे, साखर वर येतेय, किंवा दुधाची चव जास्त झालीय, थोडी काळी, कडसर लादी घाल. ती निमूटपणे घालायची. माझं गणित कच्चं होतं, इंग्रजी त्याहून कच्चं, पण या एका बाबतीत घरात माझा शब्द शेवटचा होता. सोळा-सतरा वर्षांच्या मुलीला आणखी काय पाहिजे?

त्याच सुमाराला माझ्या तोंडाने दगा दिला. आधी कपाळावर चार पुटकुळ्या आल्या, मग गाल, मग हनुवटीवर असे टपोरे मुरूम की हसताना दुखायचं. घरात माझी आत्या होती, बाबांची मोठी बहीण. नवरा गेल्यावर ती सायखेड्याहून आमच्याकडे आली ती कायमची. तिला मूलबाळ नव्हतं, तिचा सगळा जीव माझ्यावर. तिने एका नजरेत निदान केलं. "उष्णता हाय. ते काळं चाकलेट खाऊन खाऊन पोरीच्या अंगात उष्णता भरलीय." आईने ते हसण्यावारी नेलं. नवरात्रात मात्र हसण्यासारखं राहिलं नाही.

नवरात्रात कॉलनीच्या हॉलमध्ये बायकांच्या वस्तूंचं प्रदर्शन भरायचं. आईचं टेबल पापडवाल्या बाईंच्या शेजारी होतं आणि टेबलामागे मी बसले होते. एका बाईने डबा उचलला, पैसे काढायला पर्स उघडली, आणि माझ्याकडे बघितलं. "ही तुमचीच मुलगी का हो?" आई अभिमानाने म्हणाली, "हो, हीच चाखते सगळं." त्या बाईने डबा हळूच खाली ठेवला. "मग नको बाई. माझ्याही वयात आलेल्या दोन मुली आहेत." ती गेली, आणि तिच्याबरोबरच्या दोघीही गेल्या. नेमके बाबा त्याच वेळी आम्हाला न्यायला आले होते आणि दारात उभं राहून त्यांनी सगळं ऐकलं.

घरी आल्यावर ते आईला म्हणाले, "सुमन, संक्रांतीपर्यंत बघू. तोपर्यंत हिचं तोंड साफ झालं नाही तर हे चॉकलेट-बिकलेट बंद. साचे खालच्या कुलकर्णीबाईंना देऊन टाक, त्या कधीच्या मागतायत. चारचौघांत माझ्या मुलीकडे लोकांनी बोट दाखवलेलं मला चालणार नाही." तिने साचे धुतले, एकेक पुसला आणि नेहमीसारखे कपाटात न ठेवता ओट्यावर मांडून त्यांच्याकडे बघत बसली. मला कळलं की आता तिचा हा एवढा एक आनंद माझ्या कपाळावर, गालांवर आणि हनुवटीवर टांगलेला आहे. त्या दिवसापासून सकाळी उठल्यावर मी आधी आरशापुढे जायचे आणि माझ्यामागे आरशात आई दिसायची.

मी चॉकलेट सोडलं. कुणी सांगायच्या आधी सोडलं. पातेल्यापाशी जाणंच बंद केलं, चमचा चाटणं तर दूरच. आणि आत्याने माझा ताबा घेतला. उष्णतेवर उतारा थंडाचा. रोज संध्याकाळी मोठा पेलाभर म्हशीचं दूध, त्यात चार चमचे साखर, सब्जा आणि वर गुलकंदाचा गोळा. ते पिऊन झालं की केसांत वाटीभर खोबरेल तेल. ते टाळूत जिरून उरलेलं कपाळावर ओघळायचं आणि आत्या ते तळहाताने तिथेच चोळून टाकायची, वाया कशाला घालवायचं म्हणून. झोपताना तोंडाला साय आणि हळद. मी घरभर गुलकंदाचा आणि खोबरेलाचा वास सोडत फिरायचे. आणि मुरूम वाढत होते. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, अशी माझ्या तोंडाची गत झाली. दिवाळीत तर फोटो काढायच्या वेळी मी गॅलरीत जाऊन बसले. आत्याने दुधात आणखी एक चमचा साखर वाढवली.

इतक्या वर्षांनी परवा माझ्या मावसबहिणीच्या मुलीचा व्हिडिओ कॉल आला. कॅमेरा तिने मुद्दाम कपाळाच्या वर धरलेला. "मावशी, चॉकलेट सोडू का गं? इन्स्टावर सगळे सोड म्हणतात." मी तिला म्हटलं, आधी कॅमेरा खाली घे. तोंड लपवणाऱ्या मुलीशी मला बोलता येत नाही, माझा जुना प्रश्न आहे तो.

चॉकलेट सोडलं होतं, तरी मुरूम वाढत होते, याचा घरात एकच अर्थ निघाला. दिवाळीनंतरची एक संध्याकाळ होती. आई ओट्यापाशी होती, ताटलीत पानाच्या आकाराची चॉकलेटं मांडलेली, आणि त्यातल्या एका पानाचं टोक तुटलेलं. मी पाणी प्यायला आत गेले. आई वळली आणि म्हणाली, "तोंड उघड." वाटलं, हिला माझी जीभ आठवली, ही मला परत चाखायला देतेय. मी डोळे मिटले आणि तोंड उघडलं. जिभेवर काहीच आलं नाही. डोळे उघडले तर आई वाकून माझं तोंड हुंगत होती.

"गुलकंदाने वास झाकतेस?" ती म्हणाली. मी म्हटलं, "मी खाल्लं नाही." ती म्हणाली, "मग हे टोक उंदराने खाल्लं? खात असशील तर खा, पण खोटं नको बोलूस मंजू. माझे साचे जातील ते जातील." एवढं बोलून ती परत पातेल्याकडे वळली. तिने आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. मी आत गेले, साय लावून घेतली नाही, तेल लावून घेतलं नाही आणि आत्याने हाक मारली तर ओ दिली नाही. मला आईचा इतका राग आयुष्यात पुन्हा कधी आला नाही. पानाचं ते टोक कुणी खाल्लं हे अजून कळलेलं नाही. माझा संशय बाबांवर आहे, पण विचारायला आता ते नाहीत.

आईने मला गंगापूर रोडच्या एका त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं, तेही मला बरं करायला कमी आणि पकडायला जास्त. तिला वाटत होतं, डॉक्टर बघताक्षणी सांगतील की ही मुलगी चोरून चॉकलेट खाते. बाई तशा तुटक बोलणाऱ्या होत्या. त्यांनी दिव्याखाली माझं तोंड इकडून तिकडून वळवून बघितलं आणि विचारलं, "दिवसभरात काय काय खातेस? तोंडाला, केसांना काय लावतेस?" मी दूध सांगितलं, साखर सांगितली, गुलकंद, तेल, साय, सगळं सांगितलं. मध्येच आई म्हणाली, "आणि चॉकलेट विचारा ना." बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "नवरात्रापासून एक तुकडासुद्धा नाही."

"मग चॉकलेट सोडूनही वाढलेच की," बाई आईला म्हणाल्या. "चॉकलेट अगदी साधू आहे असं मी म्हणत नाही. पण घरात एका दाराला कुलूप लावून तुम्ही बाकीची दारं उघडी टाकलीत. एवढी साखर घातलेलं दूध, कपाळावर तेल, वर सायीचा थर. हे सगळं बंद करा. साध्या साबणाने दोनदा तोंड धुवायचं, घासायचं नाही. हे मलम रात्री लावायचं, आणि मुरूम दाबायचे नाहीत, फोडायचे नाहीत. दोन-तीन महिने लागतील." मी धीर करून विचारलं, "चॉकलेट कधीच नाही का खायचं?" त्या पहिल्यांदा हसल्या. "जेवण झाल्यावर काळ्या, कडसर चॉकलेटचा एक लहान तुकडा खा. मग चार-सहा आठवडे स्वतःच्या तोंडाकडे बघ. वाढले तर सोड, नाही वाढले तर खा. प्रत्येकीचं तोंड वेगळं."

मी हवेत होते. आई आणि मी रिक्षात बसलो. मुंबई नाका मागे पडला तेव्हा ती म्हणाली, "डॉक्टरांपुढेही तेच म्हणालीस." म्हणजे विश्वास बसलेला नव्हताच. दोन-तीन महिने, डॉक्टर म्हणाल्या होत्या, आणि संक्रांत दोन महिन्यांच्या आत होती. चॉकलेटही मी खाल्लं नाही. परवानगी होती, पण आई स्वतः चमचा पुढे करणार नसेल तर मला तो नको होता.

खरी लढाई घरात पुढे होती. संध्याकाळी आत्या पेला घेऊन आली. मी म्हटलं, "आत्या, दूध नको. डॉक्टरांनी बंद करायला सांगितलंय." तिला वाटलं मी चेष्टा करतेय. "आता दूध वाईट झालं व्हय? का माझ्या हाताला काय झालं?" मी हात जोडले, तरी तिचा चेहरा उतरला. "डागदरीण लय शानी! पोर उष्णतेनं जळतीय आन म्हणं दूध नको." आई मध्ये पडली, "वन्सं, मनाला नका लावून घेऊ." पण तिने मनाला लावून घेतलंच. ती माझ्याशी बोलेनाशी झाली. मात्र रोज संध्याकाळी पेला भरून माझ्या टेबलावर ठेवायची आणि झोपायच्या आधी तो तसाच भरलेला, वर जाड साय धरलेला, उचलून न्यायची. मी अभ्यास करायचे आणि तो पेला माझ्याकडे बघायचा. एका बाजूला आई, जिला मी खोटारडी वाटत होते, दुसऱ्या बाजूला आत्या, जिला मी कृतघ्न वाटत होते, आणि मध्ये माझं तोंड, जे दोघींपैकी कुणाच्याच बाजूने लवकर बोलायला तयार नव्हतं.

पौषात थंडी पडली. नाशिकची थंडी चॉकलेटला मानवते, साचे फ्रिजमध्ये न ठेवताही सुटतात. माझे गाल सपाट होत आले होते, डाग होते, पण टपोरे मुरूम कमी झाले होते. आणि तेव्हाच आईला तोपर्यंतची सगळ्यात मोठी ऑर्डर आली. लासलगावच्या कांदा-व्यापाऱ्यांच्या घरातल्या दरेकरकाकू. त्यांच्या नव्या सुनेची पहिली संक्रांत होती, हलव्याचे दागिने, हळदीकुंकू, सगळं थाटात व्हायचं होतं, आणि सगळ्या गावाच्या बायकांना तिळगुळाबरोबर तिळाचं चॉकलेट वाटायचं त्यांच्या मनात होतं. ऑर्डर देतानाच त्या म्हणाल्या होत्या, "तुमच्या पोरीच्या तोंडाचं कानावर आलंय हां ताई. गावाच्या तोंडी लागायचं नाय मला. संक्रांतीआधी विचारून घेईन." आईने गुळाच्या पाकात तीळ घालून छोट्या वड्या केल्या, त्या चॉकलेटमध्ये बुडवल्या, दोन दिवस ओट्यापासून हलली नाही. मला तिने चाखायला बोलावलं नाही. ही ऑर्डर नीट गेली तर बाबांना बंद करा म्हणायला तोंड उरणार नव्हतं, आणि फसली तर साचे खालच्या मजल्यावर जाणार होते.

संक्रांतीच्या तीन-चार दिवस आधी फोन वाजला. लाइन खरखरत होती, बाबा नेहमीसारखे ओरडत होते आणि मी आत भूगोल वाचत होते. "हां, बोला! लासलगाव? हां हां... माल तयार आहे... मुरूम? आहे ना! भरपूर आहे... कमी कशाला होईल, उलट वाढलाय... लालच, एकदम लालभडक... छे छे, बाहेरचा कशाला, आपल्या घरचाच समजा... पसरतो ना! पसरला की दाबायचा आणि वरून पाणी मारायचं, बसतो बरोबर... हॅलो? हॅलो?" फोन कटला. बाबा म्हणाले, "विचित्र माणूस आहे. ट्रॉल्या किती पाहिजेत तेच सांगितलं नाही." मी भूगोलात परत डोकं घातलं. असे फोन रोजचेच होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी जीप आली. दरेकरकाकू दारातच उभ्या राहिल्या, चपलासुद्धा काढल्या नाहीत. आतल्या टेबलावर डब्यांची चळत होती, तिकडे बघून त्या म्हणाल्या, "ताई, ऑर्डर नको. तुमची मेहनत झालीय, मला वाईट वाटतंय. पण काल माझ्या मालकांनी फोन केला व्हता. म्या त्यान्ला सांगितलं व्हतं, पोरीच्या मुरमाचं विचारा. तर तुमचे मालक म्हणले, भरपूर हाय, वाढलाय, लालभडक हाय. पसरला की दाबतो म्हणले!" आई पांढरीफटक पडली. तिने भिंतीला हात टेकला. मी आतून ऐकत होते आणि मला वाटलं, बाबांनी माझ्याबद्दल असं सांगितलं? परक्या माणसाला? मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात आत्या, जी दीड महिना घरात कुणाशी धड बोलली नव्हती, ती देवघरातून ओरडत आली, "अगं बाई, तो रस्त्यावरचा मुरूम! ट्रालीतला!" मागोमाग अर्ध्या गालाला साबणाचा फेस असलेले बाबा बाहेर आले. आत्याने त्यांच्या अंगावरच धाव घेतली, "काल कोणाला मुरूम इकत व्हतास रं?" बाबांना कळायला क्षणभर लागला. मग ते हातातल्या ब्रशसकट खुर्चीत बसले. फेस शर्टावर ठिबकत होता. "मला वाटलं शेतात टाकायला पाहिजे," एवढंच ते म्हणाले. दरेकरकाकू आधी बाबांकडे, मग आत्याकडे बघत राहिल्या आणि पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. आम्हाला कुणालाच हसू येत नव्हतं.

हसणं थांबल्यावर त्या म्हणाल्या, "बरं, ते कळलं. पन पोरीला मुरूम हायेतच ना? बघू तरी द्या." मला बाहेर यावं लागलं. त्या दिवशी हनुवटीवर दोन ताजे होते, गालांवर डाग. काकूंनी हनुवटी धरून माझं तोंड उजेडाकडे केलं. "तसं लय नाय. ही खाती का तुमचं चाकलेट?" आईने तोंड उघडायच्या आत बाबा म्हणाले, "छे, ती शिवतसुद्धा नाही." त्यांना वाटलं त्यांनी बाजी सावरली. काकूंनी हात खाली घेतला. "म्हंजे जे तुमच्या घरचं लेकरू शिवत नाय, ते म्या माझ्या सुनेच्या हातनं गावाला वाटू व्हय?"

खाते म्हणावं तर मुरूम, नाही म्हणावं तर हे. आई टेबलापाशी गेली. तिने वरचा डबा उघडला, एक चॉकलेट काढलं आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "तोंड उघड," ती म्हणाली. मागच्या वेळचं सगळं माझ्या अंगावर आलं आणि मी ओठ घट्ट मिटले. तिचे डोळे माझ्या मुरमांवर नव्हते, महिन्यांनंतर ती सरळ माझ्या डोळ्यांत बघत होती. मी तोंड उघडलं. जिभेवर चॉकलेट आलं, मग गूळ, मग तीळ. इतक्या दिवसांनी खाताना मला रडू येईल असं वाटलं होतं, पण जीभ आपलं काम करायला लागली होती.

"कसं झालंय?" आईने विचारलं. माझ्यामागे चळत होती, दारात गिऱ्हाईक होतं, खुर्चीत बाबा होते. छान झालंय, दोनच शब्द बोलायचे होते. पण ते झालेलं नव्हतं. "गोडमिट्ट झालंय," मी म्हटलं. "गूळ सगळ्याच्या वर येतोय. तीळ कमी भाजलेत. काळी लादी घालायला पाहिजे होती." बाबांनी डोळे मिटून घेतले. आत्या पुटपुटली, "झालं, बुडवलं."

दरेकरकाकूंनी न विचारता डब्यातलं एक चॉकलेट उचलून तोंडात टाकलं आणि उभ्याउभ्या चघळलं. "खरं हाय," त्या म्हणाल्या. "लय गोड हाय." मग चपला काढून आत येऊन बसल्या. "ताई, ही पोरगी खोटं नाय बोलायची. स्वतःच्या आईचं नुकसान समोर दिसतंय तरी नाय बोलली खोटं. मुरमाचं काय, माझ्याबी तोंडावर व्हते, लगीन झालं तरी व्हते. परवा जीप पाठवते. हे पुन्हा वितळवून नीट करा. आन हिनं चाखल्याबिगर डबा भरायचा नाय."

जीप गेल्याचा आवाज आला आणि आई तिथेच फरशीवर बसली. "परक्या बाईला एका घटकेत कळलं," ती म्हणाली, "आणि मी तुझं तोंड हुंगलं गं मंजू." ती मोठ्याने रडली. मीही रडले, आणि खरं सांगायचं तर माझा राग त्या दिवशी पुरता गेला नाही. तो हळूहळू, मुरमांसारखाच, डाग ठेवून गेला. पण मी तिच्याशेजारी बसले. मग आम्ही दोघींनी सगळे डबे रिकामे केले. आत्याने नवे तीळ खमंग भाजले, मी लादी किसली, आई पातेल्यात ढवळत राहिली आणि प्रत्येक वेळी चमचा माझ्यापुढे धरत राहिली. संध्याकाळी आत्याने सवयीने पेला भरला, माझ्याकडे बघितलं, आणि ओट्यापाशी उभं राहून ते साखरेचं दूध स्वतःच घटाघटा पिऊन टाकलं. "लय गोड हाय गं," ती म्हणाली. दीड महिन्यानंतर ती माझ्याशी बोललेलं ते पहिलं वाक्य होतं.

डबे जीपने लासलगावला गेले. संक्रांतीच्या सकाळी मी आरशापुढे गेले तेव्हा हनुवटीवरचे दोन मुरूम जागेवर होते. बाबांच्या अटीप्रमाणे तोंड साफ झालेलं नव्हतं. ते हॉलमध्ये पेपर वाचत होते. मी तिळगूळ द्यायला त्यांच्यासमोर वाकले, त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. ओट्यावर आईने साचे धुऊन पालथे घातले होते, तीही स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी होती. तेवढ्यात फोन वाजला. बाबांनी उचलला. "हां, बोला... हो, आहे ना..." आणि ते थांबले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग पाठ फिरवून, आयुष्यात पहिल्यांदा हळू आवाजात, म्हणाले, "लाल माती आहे आमच्याकडे." पलीकडचा माणूस ओरडलेला आम्हाला सगळ्यांना ऐकू आला, माती नको, मुरूम पाहिजे, मुरूम! "तेच हो, तेच," बाबा म्हणाले, "आमच्याकडे त्याला लाल माती म्हणतात." त्यानंतर बाबा असेपर्यंत त्यांनी घरातल्या फोनवर मुरूम हा शब्द कधीही उच्चारला नाही, आणि साचे कुलकर्णीबाईंना द्यायचं नावही काढलं नाही.